गंगाखेडचे कुलूपवाले वस्ताद

वस्ताद कुलूप उघडताना कुलपाकडे कधी बघत नसत. हातातली तार कुलपाच्या भोकात फिरत असायची आणि नजर समोर उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडावर असायची. माणूस घाईत असो, रडवेला असो, मोबाइलवर बोलत असो, ते बघत राहायचे. काही जणांना त्याचा राग येई. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "कुलपाचं बोटाला समजतंय, सर. डोळे रिकामेच असतेत. मग माणूस बघतो."

गंगाखेडच्या बसस्थानकाबाहेर, रसवंतीला लागून, त्यांची पत्र्याची टपरी होती. कुलूपदुरुस्ती आणि किल्ल्या करणं एवढंच काम, पस्तीस वर्षांपासूनचं. सगळा गाव त्यांना वस्ताद म्हणायचा. रोज सकाळी टपरीची फळी वर करताना ते एकच वाक्य बोलायचे, "लय कंटाळा आलाय बघा." मग स्टुलावर बसून संध्याकाळपर्यंत काम करायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती मुलगी जिंतूरला दिलेली. कंटाळा आला तरी जाणार कुठे, असं ते वाक्य मी मनात पूर्ण करत असे.

मला ते 'सर' म्हणायचे, कारण मी खरोखरच सर होतो. एका विनाअनुदानित शाळेत बारा वर्षं गणित शिकवलं. पटसंख्या घटत गेली आणि एका जूनमध्ये शाळा उघडलीच नाही. मी एकेचाळीस वर्षांचा होतो. दिवसभर घरात बसून मोबाइलवर कुलपं उघडण्याचे व्हिडिओ बघायची सवय लागली. परदेशातली माणसं नुसती हौस म्हणून टेबलावर कुलपं मांडून ती उघडतात, हे बघून मला नवल वाटायचं. मीही हत्यारांचा एक संच मागवला आणि घरातली झाडून सगळी कुलपं उघडून झाली. कपाटाचं बिघडवलं तेव्हा बायको शांतपणे म्हणाली, "हेच करायचं असेल तर नीट शिकून तरी घ्या."

वस्तादांनी माझा चकचकीत संच उलगडून पाहिला. "दाताच्या डॉक्टरचं सामान दिसायलंय," म्हणाले, आणि गुंडाळून परत दिला. त्यांची स्वतःची हत्यारं सायकलच्या तारा आणि करवतीची मोडकी पाती घासून केलेली. पहिले दोन महिने त्यांनी मला कानशीशिवाय दुसरं काही धरू दिलं नाही. मी पितळेच्या किल्ल्या घासायचो आणि ते बिघडलेल्या टाकून द्यायचे. रागावले नाहीत. फक्त म्हणायचे, "हात जड हाय. खडू धरत होताव तसं धरा." बोटांना पितळेचा वास बसला, मान आखडली. पण बारा वर्षांत पहिल्यांदाच मी संध्याकाळी घरी येऊन हातून काही तरी काम झाल्यासारखा थकत होतो.

बाहेर कुलूप उघडायला गेले की वस्तादांचे तीन प्रश्न ठरलेले असत. घर कोणाचं, आत कोण राहतं, शेजारी कोण. तिसऱ्याचं उत्तर मिळालं की शेजाऱ्याला बोलावणं जायचं आणि तो येईपर्यंत वस्ताद पायरीवर बसून राहायचे. एकदा भाड्याच्या घराबाहेर अडकलेले एक साहेब भर उन्हात भडकले. शेजारचं कुटुंब लग्नाला गेलेलं, घरमालक मानवतला. वस्तादांनी मालकाला फोन लावायला सांगितला, तो लागेना. शेवटी साहेबांनी कुठून तरी ग्राइंडर आणवला आणि मिनिटाभरात कुलूप कापून आत गेले. परतताना मी म्हणालो की घर त्यांचंच होतं, हे दिसत होतं की. वस्ताद म्हणाले, "असंल. मला बी वाटलं त्यांचंच हाय." एवढंच. पुढे गल्लीच्या तोंडाशी गुडघा धरून ते थोडा वेळ उभे राहिले.

त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. तपासणीसाठी ते परभणीला गेले त्या दुपारी टपरीवर मी एकटाच होतो. मोटारसायकलवर एक माणूस आला. माझ्याच वयाचा, स्वच्छ कपड्यांतला. किल्ली हरवली, आईची औषधं खोलीत अडकलीत, असं म्हणाला. मी गेलो. मी त्याला घर कोणाचं हे विचारलं आणि तो 'आमचंच' म्हणाला. पुढचे दोन प्रश्न मी विचारले नाहीत. खरं सांगायचं तर मला ते कुलूप उघडायचं होतं. पाच पट्ट्यांचं होतं, म्हणजे आतल्या पाचही पट्ट्या नेमक्या उंचीवर आणल्याशिवाय न सुटणारं, आणि वस्तादांशिवाय मी पाच पट्ट्यांचं कधी उघडलं नव्हतं. अकरा मिनिटं लागली. कडी सुटली तेव्हा मी त्या माणसाकडे नाही, कुलपाकडे बघत होतो.

तिसऱ्या दिवशी टपरीसमोर एक बाई येऊन उभी राहिली. तिचं नाव संगीता. नवरा वर्षापूर्वी वारलेला. ती आठ दिवस माहेरी गेली होती, परत आली तर तिच्या खोलीला दुसरंच कुलूप होतं आणि भांडी अंगणात पडलेली. ट्रंक गायब होती. तिच्यात खोलीचे कागद, नवऱ्याची कागदपत्रं, तिचं मंगळसूत्र. मोटारसायकलवाला तिचा दीर होता. ती ओरडली नाही. तिने फक्त विचारलं, "कोणी उघडलं?"

वस्तादांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं असावं. मी तोंड उघडायच्या आत ते बोलले, "दुकान माझं हाय, माय. माझ्या दुकानानं उघडलं."

मग त्यांनी फळी खाली ओढली आणि आम्ही तिघं पोलीस ठाण्यात गेलो. वाटेत मला पळून जावंसं वाटत होतं. दारात वस्ताद माझ्या खांद्यावर हात ठेवून हळू म्हणाले, "जेवढं झालं तेवढं सांगा. माझं नाव बी घ्या. पण काही गाळू नका." मी जबाब दिला. अकरा मिनिटं लागली, हेही सांगितलं. का सांगितलं कोणास ठाऊक. लिहून घेणाऱ्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

पुढचे तीन-चार महिने असेच गेले. कधी ठाणं, कधी तहसील, कधी नुसतंच बाकावर बसून परत येणं. दिराची माणसं दोनदा टपरीवर येऊन जबाब फिरवा म्हणून सांगून गेली. वस्ताद त्यांना चहा पाजायचे आणि नाही म्हणायचे. मला ते एका शब्दानेही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. शेवटी संगीताला खोली परत मिळाली. ट्रंकही मिळाली, कागदांसकट. मंगळसूत्र मिळालं नाही. तोवर गावात मात्र व्हायचं ते झालं होतं. वस्तादांच्या माणसाने विधवेचं घर फोडलं, असं बोललं जाऊ लागलं. लोक किल्ल्या करायला दुसरीकडे जाऊ लागले. पस्तीस वर्षांत ज्यांनी एकदाही चुकीचं दार उघडलं नाही त्यांची टपरी दुपारभर रिकामी असायची. वस्ताद तिथे डोळे मिटून बसायचे.

खोलीत राहायला गेल्यावर महिन्याभराने संगीता टपरीवर आली. तिला स्वतःच्या दाराला नवं कुलूप बसवायचं होतं. वस्ताद उठू लागले तर म्हणाली, "तुमी नका येऊ. मला दाखवा, मी बसविते. अन् कसं उघडतेत ते बी दाखवा." ज्या दुकानाने तिचं दार उघडलं तिथेच ती शिकायला आली आहे, हा विचार वस्तादांच्याही मनात आला असेल. मग त्यांनी कानस तिच्यापुढे सरकवली.

तिचा हात हलका निघाला. मला दोन महिने लागले ते तिला तीन आठवड्यांत आलं. ती काम करायची आणि मी शेजारी बसून बघायचो, कारण कुठल्याही कुलपात तार घालायला मी आता धजत नव्हतो. घरातलं कुलूपसुद्धा किल्लीने उघडताना मला घाम यायचा. एक दिवस मी सांगून टाकलं की मला हे जमणार नाही, मी शिकवण्या घेईन. वस्ताद म्हणाले, "बरं हाय. तुमचं अक्षर चांगलं हाय." मी फळ्यावर लिहिलेलं त्यांनी कधीच पाहिलं नव्हतं. टपरीच्या पाटीवर मी लिहिलेली दोन-तीन अक्षरं काय ती पाहिलेली.

ऑपरेशन होऊनही त्यांची एका डोळ्याची नजर आली नाही. टपरी संगीताच्या हवाली करून ते जिंतूरला मुलीकडे गेले. आम्ही दोघं त्यांना बसमध्ये बसवायला गेलो. सामान म्हणजे एक पिशवी. खिडकीतून त्यांनी संगीताला गिऱ्हाइकांबद्दल दोन-चार गोष्टी सांगितल्या. मला म्हणाले, "झोपत जा, सर. लय थकल्यावानी दिसायलाव." बस हलली तेव्हा आम्ही हात केला, पण त्यांची दिसत नसलेली बाजू आमच्याकडे होती.

वर्षभरात मी एकदाही जिंतूरला गेलो नाही. शिकवण्या, आजारपण, पुढच्या महिन्यात जाऊ, असं चाललं होतं. मग एका सकाळी संगीताचा फोन आला. वस्ताद झोपेतच गेले होते. आम्ही परभणीला बस बदलून पोहोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. मुलीने ओसरीवर सतरंजी टाकली आणि चहा आणला. तिने आम्हाला आधी कधी पाहिलं नव्हतं, पण नावं विचारली नाहीत.

"तुमी ते सर," ती माझ्याकडे बघून म्हणाली, "अन् ह्या ताई. बाबा इथं सगळ्यायला सांगायचे, गंगाखेडात माझे दोन शिष्य हायेत म्हणून. दोघं बी लय चांगलं काम करतेत म्हणायचे."

संगीता माझ्याकडे बघत होती. मी चहाचा कप खाली ठेवला. मी ते काम सोडलं, हे वस्तादांच्या मुलीला सांगायला हवं होतं, पण मी कप पुन्हा उचलला आणि चहा संपवला.