चौदा नंबरच्या दोन खुर्च्या

व्हर्ना हॅस्केटसारखी आरव्ही पार्क निवडणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. आमची घरं चाकांवर, आणि आरव्ही पार्क म्हणजे ती भाड्यानं उभी करायची जागा. नोकरी संपली की कुणी मोठं घर विकून गाडीत संसार थाटतो, कुणाचं घर आधीच हातचं गेलेलं असतं. पण महिना-दोन महिने एका शहराजवळ राहायचं म्हटलं की सगळ्यांना एकच प्रश्न, कुठे उतरायचं? आणि सगळे व्हर्नाला फोन लावायचे.

तिनं तीस वर्षं ऑरेगनमध्ये स्कूलबस चालवली होती. त्यामुळे असेल, पण कुठलीही गोष्ट ती स्वतः उतरून पाहिल्याशिवाय मान्य करायची नाही. पार्कचे इंटरनेटवरचे फोटो दाखवले तर म्हणायची, "फोटो काय, लग्नाचेही छान येतात." घर मागे ठेवून ती नुसता पिकअप घेऊन जायची, एकदा मंगळवारी सकाळी आणि एकदा शनिवारी संध्याकाळी. नळ सोडून बादली किती वेळात भरते ते बघायची. विजेच्या खांबाचं झाकण उघडून आत जळाल्याचा वास येतो का ते हुंगायची. मग वाकून लोकांच्या गाड्यांची चाकं बघायची. चाकाखाली गवत उगवलेलं असलं की तिचा चेहरा खुलायचा. "इथे माणसं टिकतात," ती म्हणायची.

शेवटची परीक्षा पार्कमधल्या सगळ्यांच्या धुलाईच्या खोलीत. कपड्यांच्या घड्या घालणारं माणूस खोटं बोलत नाही, असा तिचा ठाम समज. तिथे जाऊन ती एकच विचारायची, "इथून शेवटचं कोण गेलं, आणि का गेलं?" उत्तर ऐकायचं आणि मगच ठरवायचं. ऑफिसातला माणूस काय सांगतो याला तिच्या लेखी शून्य किंमत.

मी ओपल. सॅक्रामेंटोच्या बाहेर, नदीच्या बांधाला लागून असलेल्या 'तीन ओक' पार्कमध्ये नऊ नंबरच्या जागेवर मी राहते. ऑफिस आणि बाथरूमं साफ करते, त्या बदल्यात भाड्यात सवलत. धुलाईच्या खोलीत दुपारभर मीच असते. म्हणजे व्हर्नाला ज्या माणसाला विचारायचं होतं, ते माणूस मी.

ट्रूडी आमची मॅनेजर. बारा वर्षांपूर्वी ऍरिझोनाच्या वाळवंटात तिचा नवरा तिला आणि गाडीला टाकून निघून गेला, तेव्हा तिला गाडी मागेसुद्धा घेता येत नव्हती. व्हर्नानं शेजारी उभं राहून, शिव्या घालून, आठवडाभरात तिला ते शिकवलं. "आरशात बघ, भवाने, आकाशात काय बघतेस!" हे ट्रूडी अजून हसत सांगायची. 'तीन ओक'सुद्धा व्हर्नानंच तिला निवडून दिलेलं. तेव्हा इथे जुना मालक होता आणि चाकांखाली गुडघाभर गवत होतं.

मागच्या वसंतात डेलची फुप्फुसं पार गेली. डेल म्हणजे व्हर्नाचा नवरा, आयुष्यभर लाकडाच्या गिरणीत भुसा खाल्लेला, बोलायला गमत्या. शहरातल्या हॉस्पिटलनं नवीन फुप्फुसासाठी त्याचं नाव यादीत घातलं, पण अट होती: फोन कधीही येईल, तासाभराच्या आत पोचता येईल असा पत्ता हवा. ऑक्सिजनचं मशीन चोवीस तास विजेवर, त्यामुळे दुकानाच्या पार्किंगमध्ये रात्र काढायची सोय नाही. आणि तासाभराच्या टापूतला एकूण एक पार्क भरलेला.

ट्रूडी फोनवर म्हणाली, "अगं, माझ्याकडे ये ना! चौदा नंबर. ओकची सावली, हॉस्पिटल बावीस मिनिटं."

व्हर्ना पहिल्यांदाच पार्क न बघता आली. घर घेऊनच आली. उतरल्यावर सवयीनं वाकून चाकं बघितली.

"ट्रूडे, एकाही गाडीखाली गवत नाही गं?"

"मी स्वतः उपटते, बाई. स्वच्छता आवडते मला."

व्हर्ना हसली. नवीन मालकानं काय चालवलंय हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं. आमच्याकडे तीस दिवस सलग राहिलं की माणूस कायद्यानं भाडेकरू होतो, मग त्याला हलवणं मालकाला जड जातं. म्हणून अठ्ठाविसाव्या दिवशी सगळ्यांना बाहेर काढायचं. दोन रात्री कुठेतरी काढा, परत या, पुन्हा पहिला दिवस. असं करणं कायद्यात बसत नाही म्हणतात, पण तक्रार करायला जाणार कोण, जागा गेली तर?

बाहेर जाताना लोक आपल्या जागेवर खुर्ची ठेवून जातात. आमच्यात खुर्ची म्हणजे शब्द. रिकाम्या जागेवर कुणाची खुर्ची असली तर तिथे दुसरा कुणी गाडी लावत नाही, मग तो कितीही दमलेला असो.

पहिल्या महिन्यात सगळं ठीक झालं. व्हर्ना आणि डेल दोन रात्री जत्रेच्या मैदानावर राहून आले; तिथे वीज मिळते, पण दोन रात्रींवर राहू देत नाहीत. चौदा नंबरवर त्यांच्या दोन हिरव्या खुर्च्या आणि टोमॅटोच्या कुंड्या जिथल्या तिथे होत्या. ट्रूडीनं कुंड्यांना पाणीही घातलं होतं. त्या संध्याकाळी व्हर्नानं पीचचा कॉबलर, म्हणजे फळं घालून भाजलेला गोड पदार्थ, केला आणि आम्ही चौघं त्या ओकखाली बसलो. डेल म्हणाला, "मला नवीन फुप्फुसं मिळाली की पहिला फुगा ट्रूडीच्या वाढदिवसाचा फुगवणार." ट्रूडी एवढी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते हसू खोटं होतं असं मला आजही वाटत नाही, आणि त्याचाच मला जास्त राग येतो.

दुसऱ्या महिन्यात विजेच्या तारा टाकणाऱ्या एका कंपनीनं मालकाकडे वर्षभरासाठी दहा जागा मागितल्या, शुक्रवारपर्यंत. कुठल्या दहा, ते मालकानं ट्रूडीवर सोडलं. मंगळवारी मी ऑफिस पुसत होते. भिंतीवर पार्कचा नकाशा होता, त्यावर लाल फुल्या. एक चौदावर. एक नऊवरही होती, पण पेन्सिलची.

"ट्रूडी, चौदावर फुली?"

तिनं दार लावून घेतलं. "व्हर्ना शुक्रवारी इथे नाहीच आहे. अठ्ठाविसावा दिवस आहे तिचा. जागा रिकामीच असणार, कुणाला उठवायला नको."

"पण डेल..."

"मग कुणाला काढू? त्या दोन पोरांच्या आईला? मालकानं मला काढलं तर मी कुठे जाऊ, सांग ना! व्हर्ना कुठेही जागा शोधेल. ती व्हर्ना आहे." मग तिनं खोडरबर घेतलं आणि नऊवरची फुली पुसली. "आणि तुला यापुढे अठ्ठाविसाव्या दिवशी जायला नको. नऊ नंबर तुझाच. फक्त शुक्रवारपर्यंत तोंड बंद ठेव."

मी फडकं पिळलं आणि खिडकी पुसायला घेतली.

गुरुवारी व्हर्ना धुलाईच्या खोलीत आली. दुसऱ्या दिवशी निघायचं म्हणून चादरी धुवायच्या होत्या. मोठ्या चादरीची एकटीला घडी घालता येईना, म्हणून मी दोन टोकं धरली, तिनं दोन. आम्ही जवळ आलो, लांब गेलो, पुन्हा जवळ आलो. ती डेलबद्दल बोलत होती. यादीत तो वर सरकलाय म्हणे, नर्स म्हणाली आठवडे उरलेत, महिने नाहीत. मला वाटत होतं, आता विचारेल. शेवटचं कोण गेलं आणि का, एवढंच विचार, बाई, मी सगळं ओकून टाकते. पण तिनं विचारलं नाही. ऑफिसात तिची ट्रूडी होती, तिला कशाला विचारायला हवं होतं?

"माझ्या टोमॅटोंवर लक्ष ठेवशील ना?" जाताना ती म्हणाली.

"ठेवीन की," मी म्हटलं.

रविवारी दुपारी ती परतली. चौदा नंबरवर लांबलचक पांढरी गाडी उभी होती. हिरव्या खुर्च्या ऑफिसच्या मागे, कचऱ्याच्या डब्याशेजारी घडी करून ठेवल्या होत्या आणि कुंड्या डब्यात. व्हर्नानं आपलं घर रस्त्यातच उभं केलं, इंजिन चालू ठेवून. डेलचं मशीन त्यावरच चाललं होतं.

ट्रूडी पायरीवर आली. "अगं, माझ्या हातात काही नव्हतं. वरून आलं."

"माझ्या खुर्च्या तुला दिसल्या नाहीत?"

"खुर्च्यांचं काय घेऊन बसलीस! लेखी होतं का काही आपलं?"

"नाही," व्हर्ना म्हणाली. "तुझ्याकडून लेखी घ्यायचं असतं हे मला माहीत नव्हतं. गाडी मागे घ्यायला शिकवलं तेव्हा घ्यायला हवं होतं."

तिचा आवाज चढला नाही. ट्रूडीचाच चढला. "बारा वर्षं तेच ऐकवतेयस! मी किती वर्षं तुझे उपकार फेडायचे?" असं म्हणत ती आत गेली आणि दार आपटलं.

मग व्हर्ना धुलाईच्या खोलीत आली. मी टॉवेलांच्या घड्या घालत होते. पुढचा टॉवेल उचलला.

"ओपल, इथून शेवटचं कोण गेलं?"

"तू."

"का?"

मी सगळं सांगितलं. फुल्या, पेन्सिल, खोडरबर, नऊ नंबर. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, ती नेहमीच ऐकून घ्यायची.

"म्हणजे गुरुवारी चादर धरलीस तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

"विचारलं नाही ही चूक माझी," ती म्हणाली. "मी बसभर पोरांना शिकवलं, रस्ता ओलांडताना ड्रायव्हरच्या चेहऱ्याकडे बघू नका, चाकांकडे बघा. आणि मी चेहऱ्याकडे बघितलं." एवढं बोलून ती वळली, ऑफिसमागच्या खुर्च्या उचलल्या आणि निघून गेली. मला एक शिवीही दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं.

तीन आठवड्यांनी मी फोन केला. व्हर्ना उचलणार नाही असं धरूनच केला होता. डेलनं उचलला. दोन शब्दांत एकदा श्वास घेत तो बोलत होता. त्यांना जागा मिळाली होती, डोंगरात, हॉस्पिटलपासून अडीच तासांवर. पत्ता लांबचा म्हणून यादीतलं नाव तूर्त थांबवलंय. जवळ आलो की पुन्हा चालू करतात म्हणे.

"व्हर्ना शोधतेय," तो म्हणाला. "तिला... माहितीये ना... कसं शोधते. ट्रूडीचं मला कळलं. मनाला लागलं गं. पण तू... खुशाल आहेस ना? टोमॅटोंवर... लक्ष ठेवलंस म्हणाली ती."

व्हर्नानं त्याला माझ्याबद्दल काहीच सांगितलं नव्हतं.

"नऊ नंबर... कसा आहे?" त्यानं विचारलं.

मी खिडकीतून खाली बघितलं.

"छान आहे," मी म्हटलं. "चाकाखाली गवत उगवलंय."