टोपी-टॉवेल

माझ्या लग्नात टोपी-टॉवेलचा आहेर करायचा नाही, एवढा एकच हट्ट मी वडिलांकडे धरला होता. वडवणीत आमच्याच अंगणात मांडव, वरण-भात आणि बुंदी, बाकी काही नाही. सासरचेही कबूल होते. तसल्या टॉवेलांनी आमच्या घरी एक पेटी भरली आहे. अंग पुसायला घेतले तर पाणी नुसतं पसरवतात. माइकवरून नाव पुकारलं की खांद्यावर घ्यायचे, घरी नेऊन ठेवायचे आणि पुढच्या लग्नात दुसऱ्याच्या खांद्यावर टाकायचे, याला आमच्याकडे मान म्हणतात.

अक्षता पडल्या, पंगत बसली, पण आत्याचे यजमान जागचे हलेनात.

"आमचा मान का म्हून राहिला?"

वडिलांनी हात जोडले. "दाजी, पोरगीच नको म्हणली. कुणालाच दिला न्हाई."

"मंग आमी कुणीबी हाव का?"

मी गळ्यात हार घालून दातओठ खात बसून राहिले. आईने पेटी उघडून टोपी-टॉवेल काढला. वडिलांनी त्यांच्या डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर टॉवेल टाकला आणि सगळ्या मांडवादेखत माझा म्हातारा बाप त्यांच्या पायावर वाकला.

मग ते पोटभर जेवले. बुंदी मागून घेतली. हात धुऊन स्वतःच्या धोतराला पुसले. टॉवेलाची घडी त्यांनी मोडली नाही. यंदा त्यांच्या घरी लग्न आहे. तोच टॉवेल माझ्या बापाच्या खांद्यावर येईल, आणि बाप तो मान म्हणून घरी आणेल.