आईला हडळ बघायची होती

सफाळ्याच्या बाजूला एका निवृत्त चित्रकला शिक्षकांनी आपल्या राहत्या घरात भुतांचं आणि राक्षसांचं संग्रहालय मांडलंय, हे मला आईकडूनच कळलं. "तिथं हडळ पन हाय म्हनतात. मला बघायची हाय," ती म्हणाली. पंचाहत्तरीला लोक काशीला जातात. आमच्या आईला हडळीचं दर्शन हवं होतं. मी बोईसरला एका कारखान्याच्या लॅबमध्ये काम करते. भुताखेतांचं नाव काढलं की माझं डोकं फिरतं. पण नाही म्हणता येईना, कारण ती हडळ म्हणजे तिची आई होती.

आईला जन्म देताना माझी आजी गेली. तिचा एकही फोटो नाही. वाणगावकडच्या त्यांच्या वाडीत सगळे सांगत, बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते, भर दुपारी विहिरीवरच्या चिंचेखाली बसते, तिकडे फिरकायचं नाही. बाकीची पोरं लांबूनच पळ काढत. माझी आई मात्र दुपारी सगळे आडवे झाले की मुद्दाम त्या चिंचेखाली जाऊन बसायची. आई भेटेल म्हणून. कधी कुणी आलं नाही. माझ्या पहिल्या बाळंतपणात तिने हे मला सांगितलं आणि वर म्हणाली, "तिला मी नको व्हती. माझ्यापायीच गेली ना."

आम्ही पोहोचलो तेव्हा संग्रहालयाचे सर दारातच उभे होते. पहिल्या खोलीत बोहाड्याच्या जत्रेत सोंगं नाचवताना घालतात ते कागदाच्या लगद्याचे मुखवटे होते, जव्हार-मोखाड्याकडून आणलेले. पुढच्या खोलीत पुतळे. सर एकेकाची ओळख घरच्या जावयासारखी करून देत होते. "हा आमचा खवीस. दिसायला भयंकर, स्वभावाने गरीब." खविसाच्या पायाशी डासांची अगरबत्ती जळत होती. मी म्हटलं, यालाही डास सोडत नाहीत वाटतं. सर खो खो हसले. आई हसली नाही. ती ठेवणीतली साडी नेसून आली होती आणि वेताळ, मुंजा, कुणाकडेच बघत नव्हती.

"हडळ कुटं हाय?"

हडळ मागच्या पडवीत होती. हिरवं लुगडं, मोकळे केस, उलटी पावलं. चेहरा मात्र सरांनी साधाच रंगवला होता, विशीतल्या कुठल्याही पोरीचा असावा तसा. आई तिच्याकडे बघतच राहिली.

"एवढीशीच?" ती म्हणाली.

मलाही ते तेव्हाच जाणवलं. ती हडळ आईच्या नातीच्या वयाची होती.

पुतळ्याच्या पुढ्यात लादीवर मोहरीचा जाड पट्टा पसरला होता. हे काय सांडलंय, आईने विचारलं.

"सांडलं नाही, आई, मुद्दाम टाकलंय," सर म्हणाले. "बाळंतीण गेली की स्मशानातून परत येताना वाटेवर मोहरी टाकत यायचे. तिला घरी यायचं तर एकेक दाणा वेचत यावं लागतं. वेचून संपत नाही, मग ती माघारी जाते. पुन्हा निघाली की पुन्हा पहिल्यापासून."

"समद्याच बायांना करायचे असं?"

"सगळ्याच. बाळाच्या ओढीने परत येते म्हणून तर करायचे."

 आई भिंतीला धरून हळूच खाली बसली. मला वाटलं चक्कर आली, म्हणून मी पिशवीतून पाण्याची बाटली काढली. बघते तर ती पदराने मोहरी बाजूला सारत होती. सर पुढे झाले. मी हातानेच त्यांना थांबवलं.

"ती येत व्हती गं," आई माझ्याकडे न बघता म्हणाली. "मी तिथं बसायची आनि ती इकडं वाटंत वेचत बसलेली. वाडीतल्यांनीच येऊ दिलं नाय तिला. आनि मी जनमभर समजली, तिला मी नको."

मला रडू फुटलं. सरांनी झाडू आणून दिला, तो आईने घेतला नाही. हातानेच सारत राहिली. पण लाद्यांच्या फटींत अडकलेले दाणे तिच्या बोटांनी निघेनात. मी भुतं मानत नाही, आजही मानत नाही. मी तिच्या शेजारी मांडी घातली आणि नखाने एकेक दाणा काढू लागले.