औसा रोडवरचा मंगळ

मंगळावर जायला लातूरहून औसा रोडने अर्धा तास लागायचा. वाटेत चहाला थांबलं तर पाऊण तास.

आमच्या क्लासच्या संचालकांनी कुठल्याशा परदेशी वाळवंटातला एक व्हिडिओ पाहिला होता. तिथं काही माणसं मंगळावर असल्यासारखी राहतात. एका बंद घरात झोपतात, डब्यातलं खातात आणि बाहेर पडायचं तर अंगभर पोशाख आणि हेल्मेट घालून माळावर दगडमाती गोळा करत हिंडतात. सरांना वाटलं, हे लातूरला का नको? हौसेला मोल नसतं, आणि त्या वर्षांत लातूरच्या क्लासवाल्यांच्या हौसेला तर अंतच नव्हता. चौकाचौकात टॉपरांचे फोटो घराएवढे झाले होते. त्याहून मोठे लावायला जागा उरली नव्हती, म्हणून मंगळ.

मी त्या क्लासमध्ये रिपीटर बॅचला फिजिक्स शिकवायचे. रिपीटर म्हणजे ज्यांची डॉक्टरकीची नीट परीक्षा एकदा हुकली आहे आणि जे आणखी एक वर्ष हॉस्टेलच्या खोलीत स्वतःला कोंडून घेणार आहेत अशी मुलं. दिवाळीच्या सुट्टीत तीन दिवसांचा पहिला मंगळ-कॅम्प ठरला. मासिक चाचणीतले पहिले सहा जण क्रू म्हणून निवडले गेले आणि मी तळप्रमुख. मला कुणी विचारलं नाही. खरं सांगायचं तर विचारलं असतं तरी मी होच म्हटलं असतं, कारण नाही म्हणणाऱ्यांची तासिका तिथं हळूच दुसऱ्याला जायची.

जागा निवडली ती मुरूम लाल होता म्हणून. उजाड माळ, चार बाभळी आणि मधोमध एक जुनं दगडी गोदाम. कधीकाळी कुणी धान्य ठेवायचं त्यात. सरांनी आतून पांढरा रंग मारला, सहा लोखंडी खाटा टाकल्या, एक फळा टांगला. दाराशी प्लायवूडची एक कोठडी केली, तिला आत एक दार, बाहेर एक दार. तिला एअरलॉक म्हणायचं. बाहेर जाताना आणि आत येताना त्या कोठडीत पाच मिनिटं उभं राहायचं, मगच पुढचं दार उघडायचं. पोशाख म्हणजे वर्कशॉपमधले बॉयलर सूट आणि हेल्मेट म्हणजे साधी मोटारसायकलची, पांढरी रंगवलेली.

गुण नीटसारखेच ठेवले होते. बरोबर केलं तर चार, चुकलं तर वजा एक. आणि हेल्मेट न घालता बाहेर पाऊल टाकलं तर वजा वीस आणि क्रूमधून नाव कमी. हा शेवटचा नियम मी लिहिला होता. मुलं गंमत म्हणून घेतील, कुणी खोटंखोटं खेळेल, म्हणून मीच तो फळ्यावर लाल खडूने लिहून काढला आणि वर बजावलं, ‘मी सांगेपर्यंत कुणीही बाहेर नाही.’

पहिल्याच दिवशी मी भिंतीला हात लावून पाहिला. बाहेरून दगड, आतून दगड, मध्ये माती. चुन्याचा पत्ता नाही. वर मातीचं जड धाबं आणि त्याच्या भाराने दाराच्या माथ्याचे दगड पुढे आलेले. मला ती भिंत ओळखीची होती. किल्लारीजवळच्या आमच्या गावात असल्याच भिंती होत्या, आणि त्यांनीच माणसं मारली.

मी सरांना म्हणाले, ‘‘सर, मुलं झोपायला नकोत इथं. दिवसा ठीक आहे, रात्री तंबूत ठेवू.’’

ते हसले. ‘‘मॅडम, तुमचं किल्लारीचं डोकं काही जात नाही. इतकी वर्षं उभी आहे भिंत.’’

मी गप्प बसले. तोंड उघडून एकदा सांगितलं, आपलं काम झालं, असं मनाला समजावलं.

किल्लारीचं डोकं म्हणजे काय ते सांगते. भूकंपात माझी आई गेली आणि धाकटा भाऊ गेला. आई बाहेर आली होती. माझं मनगट धरून तिने मला अंगणात आणलं, वडलांच्या हातात दिलं आणि भावासाठी परत आत गेली. एवढंच. त्यानंतर आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो तेव्हा वडील रोज संध्याकाळी मला आणि थोरल्या बहिणीला पळायला शिकवायचे. आम्ही जेवत असू, अभ्यास करत असू, ते मध्येच टाळी वाजवायचे. टाळी ऐकली की उठायचं आणि पळायचं. चप्पल नाही, पुस्तक नाही, एकमेकींची वाट बघणं नाही. बहीण एकदा माझ्यासाठी थांबली तर वडलांनी तिच्या पाठीत धपाटा घातला. ‘‘मागं वळून बघायचं न्हाई. जो वळला तो गेला.’’ ते रडत म्हणायचे, म्हणून आम्ही कधी हुज्जत घातली नाही. मी त्यात इतकी तरबेज झाले की टाळीच्या आधीच दारात पोचायचे. वडील कौतुकाने बघायचे.

तर मंगळ. पहिले दोन दिवस मजेत गेले, हे कबूल करायला हवं. तिघातिघांच्या तुकडीने बाहेर फेरी काढायची, हातात नकाशा, कमरेला वॉकीटॉकी. दगड उचलायचा, पिशवीत घालायचा, जागेवर झेंडी रोवायची आणि तळाला कळवायचं. आपसात बोलायचं तेही वॉकीटॉकीवरच. एक म्हातारे धनगर त्या माळावर शेळ्या चारायचे. त्यांनी पोरांना बराच वेळ न्याहाळलं आणि विचारलं, ‘‘काय हुडकायलाव रं?’’ मंगळावर सजीव नाहीत, त्यामुळे उत्तर देणं नियमात बसत नव्हतं. पोरं तोंड फिरवून उभी राहिली आणि वॉकीटॉकीवर मला कळवलं, ‘‘तळ, ईशान्येला एक अडथळा, सोबत अंदाजे वीस लहान अडथळे.’’ मी आत एकटी खो खो हसले. म्हाताऱ्यांनी पाण्याची बाटली पुढे केली तीही कुणी घेतली नाही. ते जाताना म्हणाले, ‘‘मुकी लेकरं दिसायलीत बिचारी.’’

हा ईशान्येचा अडथळा कळवणारी मुलगी नायगावकडची. शेतकऱ्याची पोर, पहिल्या वेळी थोडक्या गुणांनी हुकलेली. वर्गात ती कधी मान वर करायची नाही. मी शिंकले तरी वहीत उतरवून घेईल अशी. त्या माळावर मात्र ती मंगळावर वजन कमी म्हणून लांब लांब, संथ उड्या मारत चालायची आणि हेल्मेटच्या आतून हसायची. तिला हसताना मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. मला वाटलं, चला, सरांच्या जाहिरातबाजीतून एक तरी चांगली गोष्ट निघाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास सहाही मुलं आत होती. पहिली तुकडी पोशाख चढवत होती. मी फळ्यापाशी उभी राहून फेरीचा नकाशा काढत होते.

आधी आवाज आला. आमच्या भागातल्या माणसाला तो सांगावा लागत नाही. जमिनीखाली कुणी दगडांचा ट्रक रिकामा करावा तसा. मग खाटा एकमेकींवर वाजल्या.

नंतरचं मला आठवतं ते असं की मी बाहेर होते. मुरमावर, अनवाणी, हातात खडू. दोन्ही दारं ढकलून मी आले होते आणि ती माझ्या मागे उघडी हलत होती. मी ओरडले नव्हते. ‘पळा’ म्हणाले नव्हते. एकही शब्द माझ्या तोंडून निघाला नव्हता. जमीन तोवर थांबलीसुद्धा होती.

मी वळून पाहिलं. उघड्या दारांतून आतलं सगळं दिसत होतं. सहाही मुलं आतच होती आणि हेल्मेट घालत होती. घाबरलेली होती, एकाला पट्टा लागेना. नायगावची मुलगी स्वतःचं हेल्मेट घालून त्याचा पट्टा लावून देत होती आणि मी शिकवलेल्या क्रमाने तपासत होती. पट्टा, काच, वॉकीटॉकी. मग ती कोठडीत येऊन उभी राहिली. दोन्ही दारं सताड उघडी, समोर मी, आणि ती पोर पाच मिनिटं मोजायला उभी राहिली. मी सांगेपर्यंत कुणीही बाहेर नाही, असं मी बजावलं होतं ना.

आमच्यात दहा पावलांचं अंतर असेल. मी तिच्याकडे बघत होते, ती माझ्याकडे. तिच्या डोक्यावर माथ्याचे दगड होते. त्यांतून माती गळायला लागलेली मला दिसत होती. मला जायचं होतं, हे मी शपथेवर सांगते. निदान ओरडायचं होतं.  आई आत गेली होती ते दार मला दिसत होतं, आणि मी त्या दाराकडे एक पाऊल टाकू शकले नाही, एक हाकही मारू शकले नाही.

दगड आले. प्लायवूड कागदासारखं दुमडलं.

माझ्या शेजारून कुणी तरी धावत गेलं. ते म्हातारे धनगर होते. काठी टाकून, धोतर सावरत ते थेट त्या धुळीत शिरले आणि आतल्या मुलांना म्हणाले, ‘‘धरा रं त्या कडंनं, उचला.’’ दोन मुलांनी आणि त्यांनी मिळून प्लायवूड उचललं, मुलीला ओढून काढलं, मग उरलेल्यांना एकेक करून बाहेर आणलं. मी तेव्हा पोचले, जेव्हा सगळे बाहेर होते. तिचा उजवा पाय गुडघ्याखाली मोडला होता. हेल्मेटला मधोमध तडा गेला होता आणि डोक्याला खरचटलंही नव्हतं.

क्लासच्या जीपमध्ये तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ती कण्हत होती, पण माझ्याकडे बघत नव्हती.

दवाखान्यात सर आले तेव्हा घामाघूम होते. तडा गेलेलं हेल्मेट बघून त्यांचा चेहरा सैल झाला. ‘‘बघा मॅडम, शिस्त. हेल्मेट होतं म्हणून पोरगी वाचली.’’ मग मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘‘तिच्या वडलांना मी फोनवर सांगितलंय की मॅडमनी तिला बाहेर काढलं. तुम्ही आता त्यात काही घालू नका, काढू नका. मुलं माझं ऐकतील.’’ मी पुन्हा गप्प बसले. भिंतीच्या वेळी बसले होते तशीच.

तिचे वडील संध्याकाळी आले. नायगावहून नांदेड, नांदेडहून लातूर, दोन एसट्या बदलून. सावळे, सडपातळ, माझ्या वडलांपेक्षा थोडेच लहान. खाटेवर मुलगी, पायाला प्लॅस्टर. त्यांनी तिच्या कपाळावरून हात फिरवला आणि वळून थेट माझ्या पायाशी वाकले. मी मागे सरकले तर भिंतीला टेकले.

‘‘मॅडम, लई उपकार झाले,’’ ते म्हणाले. ‘‘सरांनी सांगितलं समदं. तुमी किल्लारीकडच्या, तुमाला ठावं. दुसरं कुनी असतं तर सोताचा जीव घिऊन पळालं असतं.’’

खाई त्याला खवखवे. मला वाटलं, यांना सगळं माहीत आहे आणि हे मुद्दाम बोलतायत. पण त्यांचे डोळे भरले होते. मी मुलीकडे पाहिलं. आता ती सांगेल, असं वाटलं, आणि मला जरा हायसंही वाटलं.

ती म्हणाली, ‘‘हाव बाबा. मॅडमनीच काढलं.’’

ते डोळे पुसत चहा आणायला गेले. मी तिच्या खाटेशी बसले. माफी कशी मागायची ते दुपारपासून मनात घोकत होते. आईचं सांगणार होते, वडलांच्या टाळीचं सांगणार होते. ते बाजूला राहिलं आणि मी विचारलं, ‘‘खोटं का बोललीस?’’

‘‘बाबांनी तमाशा केला असता. मग सरांनी तुम्हाला काढलं असतं.’’ ती छताकडे बघत बोलत होती. ‘‘रोटेशनल अर्धंच झालंय मॅडम. नवीन सर आले की पहिल्यापासून सुरू करतात. मला आता वेळ न्हाई.’’

तिला माझी माफी नको होती. तिला उरलेला धडा हवा होता. मी म्हणाले, ‘‘मी इथं येऊन शिकवेन. रोज येईन.’’

तिने मान हलवली. मग म्हणाली, ‘‘आम्हाला कळत होतं मॅडम, भूकंप हाय ते. तुम्ही नुसतं ‘या’ म्हटलं असतं ना, तर आम्ही मायनस वीस घेतलं असतं.’’

ती रागाने बोलली नाही. वर्गात शंका विचारावी तसं बोलली आणि उत्तराची वाट बघत राहिली.  

तिचे वडील चहा घेऊन आले. दोन कप होते. पहिला त्यांनी मला दिला, दोन्ही हातांनी, आणि मी तो घेतला.