ज्यात कुणी मरत नाही असा पिक्चर

काकूंचा फोन सकाळी आला. मी डब्यात चपात्या भरत होते, रिसीव्हर गाल आणि खांद्यात दाबून धरलेला. "शमे, तुझे काका गेले गं," त्या म्हणाल्या. आणि मी विचारलं, "कुठे?"

कुणी म्हणेल, काय बाई आहे ही! काकूंना तसं वाटलं नाही. त्या तिकडे आणि मी इकडे, दोघी एकदमच रडायला लागलो. याच शब्दावर हाच प्रश्न मी पूर्वी एकदा काकांनाच विचारला होता. त्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. काकांना जाऊन महिना होत आला, लोक त्यांच्याबद्दल चांगलंचुंगलं बोलतात, मदतीला धावायचे वगैरे. धावायचे, खरंच. पण मला आठवतो तो त्यांनी आम्हाला सिनेमे दाखवले तो आठवडा.

जाधवकाका वाशीतले आमचे समोरच्या दारातले शेजारी. गाव सातारा जिल्ह्यात, नोकरी कांदा-बटाटा मार्केटात एका आडत्याच्या गाळ्यावर. आम्ही रायगडच्या किनाऱ्यावरचे कोकणी मुसलमान. अब्बांच्या इंतकालानंतर अम्मी मला आणि धाकट्या इक्बालला घेऊन इकडे आली. मी शाळेत शिकवायला लागले, इक्बाल एसी दुरुस्तीचं काम शिकून कुवेतला गेला. काका आवाजाने दांडगे. जिन्यातून कुजबुजले तरी तिसऱ्या मजल्यावर कळायचं. आणि सिनेमाचं त्यांना भारी वावडं. "पैसं देऊन अंधारात बसायचं, ही कसली रीत?" गणपतीत सोसायटीने पडदा लावला की पहिल्या गाण्याला ते घोरायला लागत.

नव्वदच्या ऑगस्टमध्ये इराकच्या फौजा कुवेतमध्ये घुसल्या आणि इक्बालची खबर बंद झाली. आमच्या बिल्डिंगीत फोन एकट्या काकांकडे, मालाच्या गाड्यांची खबर लागायची म्हणून पेढीने बसवून दिलेला. इक्बालकडे तोच नंबर. अम्मीचा जीव त्या फोनपाशी, पण ती भिडस्त. "लोकांच्या घरात किती बसायचा?" म्हणून तांदळाचं सूप घेऊन आमच्या उंबऱ्यावर बसायची. तेच तांदूळ रोज निवडून निवडून त्यांचा नुसता चुरा झाला. घंटी वाजली की उठून उभी राहायची, आणि काकांचा आवाज यायचा, "नाशिकची गाडी का? हां, बोला."

अशात एका सोमवारी काका संध्याकाळी रिक्षातून उतरले ते भाड्याचा व्हीसीआर पोटाशी धरून. एका रात्रीसाठी नाही, आठवड्यासाठी. काकूंनासुद्धा पत्ता नव्हता. दारात उभं राहून त्यांनी अम्मीला हाक मारली, "भाभी, मगरिबची नमाज झाली की रोज आमच्याकडं यायचं. पिक्चर बघायला. शमे, तूबी." बिल्डिंगीत कुजबुज झाली. पोरगा तिकडे युद्धात अडकलाय आणि यांना पिक्चर सुचतात. मलाही राग आलाच होता. पण अम्मी लगेच निघाली. सिनेमासाठी कसली, फोन त्याच खोलीत होता आणि आता तिथे बसायला निमित्त मिळालं होतं.

व्हिडिओ लायब्ररीवाला पुढे मला हसत सांगायचा, तुमचे काका येऊन म्हणाले, ज्यात कुणी मरत नाही असा पिक्चर दे. त्याने सगळं दुकान धुंडाळलं. शेवटी पौराणिक दिला. देव मरत नाहीत म्हणून. पहिल्या संध्याकाळी आम्ही तो पाहिला. अम्मी डोक्यावर पदर घेऊन त्या मुकुटवाल्या देवांकडे मोठ्या अदबीने बघत बसली होती, आणि काका मात्र पडद्याकडे न बघता फोनच्या टेबलाला पाठ टेकवून बसले होते, फोनचा पहारा करायला बसावं तसे. घोरले नाहीत. तिथेच मला पहिली शंका आली.

दुसऱ्या दिवशी जुना काळा-पांढरा कौटुंबिक सिनेमा होता. पहिला तासभर सगळं गोड. मग मुलगा सैन्यात गेला, आई तुळशीपाशी उभी राहिली, सायकलवरून पोस्टमन तार घेऊन यायला लागला... आणि खटकन अंधार. "लाइट गेली," काकू म्हणाल्या. पण समोरच्या बिल्डिंगीत दिवे होते. मी दाराकडे पाहिलं. काका मीटरच्या फळीजवळ उभे होते आणि त्यांच्या हातात फ्यूज होता. त्यांनी मला पाहिलं आणि फ्यूज लेंग्याच्या खिशात टाकला. अम्मी अंधारात म्हणाली, "भाऊ, त्या पोराचा काय झाला?" काका म्हणाले, "आला की घरी. तार चुकीची हुती."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना जिन्यात अडवलं. शाळेची पर्स खांद्याला, बस चुकत होती. "काका, खरं सांगा." ते आधी चिडले, मग खाली पायरीवर बसले. एवढा आवाजाचा माणूस, पण त्या दिवशी मला कान जवळ न्यावा लागला. "फोन आला हुता. सोमवारी दुपारी. घरात म्या एकटा. लांबचा फोन, नुसती खरखर. माणूस म्हणला, इक्बालच्या घरी सांगा, इक्बाल गेला... आन् लाइन तुटली."

मी विचारलं, "कुठे?"

काका माझ्याकडे बघतच राहिले. "कुठं म्हंजी? पोरी, गेला म्हणला तो."

मला क्षणभर कळेना हे असे का बघतायत. आणि मग कळलं. आमच्या घरात मेलेल्या माणसाला कुणी 'गेला' म्हणत नाही. आमच्यात इंतकाल होतो, माणूस अल्लाला प्यारा होतो. गेला म्हणजे नुसता गेला, बाजारात, गावाला, कामावर. आणि काकांच्या घरात उलटं. तिथे जिवंत माणूस कधी 'जातो' म्हणतच नाही, 'येतो' म्हणतो. इक्बाल कुवेतला निघाला तेव्हा काकांच्या पाया पडून चुकून "जातो" म्हणाला होता, तर काकांनी त्याला बॅगेसकट घरात परत घेतलं, पाणी पाजलं आणि "येतो" म्हणवून मगच सोडलं. अशा माणसाच्या कानावर 'गेला' हा शब्द पडला की त्याचा एकच अर्थ होणार.

"काका, बोलणारा कोण होता? तुमच्यातला की आमच्यातला?" आमच्यातला असेल तर इक्बाल कुठेतरी निघाला होता. त्यांच्यातला असेल तर... काका डोकं धरून म्हणाले, "कसं कळावं गं? मराठी बोलत हुता. आपल्यावानीच बोलत हुता."

मग बाकीचंही सांगितलं. आदल्या दिवसापासून ते मार्केटला म्हणून निघत आणि विमानतळावर जात. कुवेतहून लोक येऊ लागले होते, त्यांच्या गर्दीत शिरून ते इक्बालचा फोटो दाखवत. फोटो त्यांच्या मुलीच्या लग्नातला, पंगतीत जिलबी वाढणारा इक्बाल. "पुढला फोन येईल तवा भाभी एकटी नसावी म्हणून पिक्चर आणलं. तिला सांगायचं तर तू सांग. त्या माणसानं वाक्य पुरं केलं न्हाई. अर्ध्या वाक्यावर म्या कुणाच्या आईला रडवणार न्हाई." मीही नाही सांगितलं. दोघांनी मिळून ते ओझं वाहायचं ठरवलं, तसं ठरवलंसुद्धा नाही, काका उठले आणि मला म्हणाले, "संध्याकाळी ये. न्हाई आलीस तर तिला संशय येईल."

पुढचे सिनेमे मी कसे पाहिले ते मला विचारू नका. एक रहस्यपट होता. त्यात पहिल्याच रिळात खून, काकांनी कपाळाला हात लावला, पण अम्मीने मध्यंतराच्या आधी खुनी ओळखला आणि कित्येक दिवसांनी पहिल्यांदा हसली. एक तमाशापट होता, काकू त्यात रंगून टाळ्या वाजवत होत्या, आणि ऐन लावणीत फोन वाजला. काका उठले, मी उठले. कांद्याची गाडी घाटात बंद पडली होती. खाली बसताना अम्मीने माझं मनगट पकडलं आणि विचारलं, "तू कशाला उठलीस?" मी म्हटलं, पाणी प्यायला. मग स्वयंपाकघरात जाऊन खरंच दोन पेले पाणी प्यायले, तहान नसताना. इंग्रजी मारामारीच्या सिनेमात सगळेच मरत होते, पण परक्या भाषेत, म्हणून काकांनी तो चालू दिला. अम्मी शांतपणे म्हणाली, "ह्यांच्या आया नसतात का रे भाऊ?" दिवसभर विमानतळावर उभं राहून काकांचे पाय सुजले होते, ते त्यांनी चादरीखाली घेतले. माणूस एवढा थकलेला, पण डोळा लागू दिला नाही.

रविवारी विनोदी सिनेमा होता. पडद्यावर एक जाडा माणूस बायकोच्या साडीत लपून घरमालकापासून पळत होता. फोन वाजला. काकांनी उचलला आणि दरडावून विचारलं, "कोण?" मग पुन्हा, "कोण बोलतंय?" तिसऱ्यांदा ते जवळजवळ ओरडले, "नाव सांग, पुरं नाव सांग." पलीकडून काहीतरी आलं. काकांनी रिसीव्हर हळूच टेबलावर आडवा ठेवला, अगदी काचेचा असावा तसा, आणि म्हणाले, "भाभी, तुमचा फोन."

इक्बाल विमानतळावरून बोलत होता. अम्मीला एवढंच ऐकू आलं की त्याला भूक लागलीय. ती "ये, ये, ये" एवढंच म्हणत राहिली. त्या सोमवारी फोन करणारा त्याच्या कंपनीतला सांगलीकडचा मुलगा होता, म्हणजे काकांच्याच मुलखातला. इक्बाल गेला छावणीत, नंबर लागला की विमान मिळेल, असं त्याला सांगायचं होतं. माझा सगळा हिशेब चुकीचा, काकांचाही चुकीचा, आणि इक्बाल जिवंत. काका पुन्हा टीव्हीसमोर जाऊन बसले होते. त्या साडीतल्या जाड्या माणसाकडे बघत ते हमसून हमसून रडत होते. काकू म्हणाल्या, "आवो, इनोदी हाय ते." काका म्हणाले, "बघू दे मला."

इक्बाल परत आखातात गेला नाही. वाशीतच त्याने दुकान टाकलं. काकांना खांदा द्यायला तो सगळ्यात पुढे होता, आणि जागा बदलायला आलेल्यांना त्याने बदलू दिलं नाही.

तेराव्यानंतर आम्ही दोघं काकूंकडे बसलो होतो. खोली तीच, फोन नवा, बटणांचा. तो वाजला. काकूंनी पदर तोंडाला लावला, त्या उठल्या नाहीत. इक्बालने उचलला. नाशिककडचा कुणी जुना व्यापारी असावा, मोठ्याने बोलत होता, मला इथवर ऐकू येत होतं. "जाधव आहेत का?" इक्बालने तोंड उघडलं, मिटलं. एक शब्द त्याच्या ओठांवर आलेला मला दिसला, आणि तो त्याने गिळला.

"काका घरी नाहीत," तो म्हणाला. "मी इक्बाल बोलतोय. तुमचं काय ते मला सांगा, सगळं सांगा. मी ऐकतोय."

पलीकडचा माणूस गाडीबद्दल बोलत राहिला आणि इक्बाल शेवटपर्यंत ऐकत उभा राहिला. काकूंनी त्याला दुरुस्त केलं नाही.