कंसात अडकलेली आत्या

लग्नपत्रिका जुळवायचं काम मी घराच्या पुढच्या खोलीत करते. कॉम्प्युटर मला कुणी शिकवला नाही, व्हिडिओ बघत बघत शिकले. रेग्युलर एक्सप्रेशनही तसंच. म्हणजे काय, तर नेमका शब्द न सांगता शब्दाचा नमुना सांगायचा, कॉम्प्युटर तसलं सगळं शोधून देतो.

परवा जयसिंगपूरचे पाहुणे मुलीच्या लग्नाची नावं घेऊन आले. नावापुढं कंसात गाव. गावं पाकिटांवर हवीत, पत्रिकेत नकोत. म्हटलं, बसा, चहा होईतो कंसातलं उचलून बाजूला काढते.

काढलं, तर एका ओळीत नुसताच बंद होणारा कंस उरला. तिथं कंसात कंस होता: चुलते (बिद्री), आत्या (इचलकरंजी (मूळ निपाणी)). माझा नमुना पहिल्या बंद कंसाशीच थांबत होता. मग ओळ पहिल्यासारखी करून त्याला सांगितलं, शेवटच्या बंद कंसापर्यंत जा. ओळ कशी स्वच्छ झाली! मी फाईल छापखान्यात पाठवून मोकळी.

चहा पिताना पाहुणे स्क्रीनकडं बघत होते. कप तसाच हातात राहिला.

"काकू, आमची आक्का कुठं हाय?"

बघते तर काय, पहिल्या उघड्या कंसापासून शेवटच्या बंद कंसापर्यंत सगळं गेलेलं, मधल्या आत्यासकट.

"एवढं भांडण मिटवून बोलावलीया तिला. नाव दिसलं न्हाय तर मांडवात पाय ठेवायची न्हाय ती!"

मी छापखान्यात फोन लावला. "प्लेट लागली काय रे?"

"चढवतोय की मशीनवर. तुमीच घाई केलासा."

"हात लावू नकोस! आत्या राहिली."

"कुणाची?"

"नवरीची!"

फोन तसाच चालू ठेवून गेलेलं सगळं परत आणलं आणि नमुना बदलला. टाईप करताना दोनदा चुकले. \([^()]*\), म्हणजे ज्याच्या पोटात दुसरा कंस नाही, तेवढाच धर. पहिल्या फेरीत बिद्री आणि आतलं निपाणी निघालं. दुसऱ्या फेरीत इचलकरंजी. पुन्हा फिरवलं, तर काही सापडेना. ओळीत उरले चुलते आणि आत्या.

पाहुण्यांचा आता माझ्यावर भरवसा नव्हता. स्क्रीनवर बोट ठेवून एकेक नाव त्यांनी मोठ्यानं वाचलं, तेव्हा कुठं नवी फाईल गेली. मग त्यांनी बहिणीलाच फोन लावला.

"आक्का, तुझं नाव हाय बरं का पत्रिकेत!"

पलीकडून आवाज आला, तो मलाही ऐकू आला.

"का? नसणार हुतं व्हय?"

पाहुण्यांनी माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घालून पाकिटं पुढं ओढली.