झोपणारं नेटवर्क कार्ड

ऑनलाइन सेवा केंद्रात किस्से जमवावे लागत नाहीत. माणूस आधीच वैतागून येतो, जाताना एक किस्सा टाकून जातो! मेडशीच्या स्टँडजवळ आमचं केंद्र आहे. माझ्या नखांवरची मेंदी अजून गेली नाही, पण किस्से आताच मावेनात.

ह्यांनी लग्नाच्या सुट्टीत कॉम्प्युटरवरचं विंडोज काढून नवं लिनक्स टाकलं. तेव्हापासून नेटवर्क कार्ड मधेच गोठायचं. स्क्रीन चालू, माऊस चालू, नेट मेलेलं! गल्लीनं निदान केलं: "सून आली तवापासून बंद पडून राह्यलं. पायगुन!" लिनक्सवर कोणाचाच संशय नाही.

*

मामाजींचा, म्हणजे सासऱ्यांचा, एकच इलाज. केबल काढायची, फुंकायची, परत लावायची. एकदा योगायोगानं नेट आलं! आता गर्दी झाली की लोकच ओरडतात, "काका, फुका ना बाप्पा!"

*

शेजारचे कापडवाले चाचा रोज विचारतात, "कार्ड जिंदा हाय का?"

एकदा मामाजी म्हणाले, "जिंदा हाय, पन कोनी त्याचं आयकत नाही."

चाचा बाकावर टेकले. "घरी माह्यं बी तसंच हाय."

*

शेजारच्या गावच्या एक विधवा मावशी पेन्शनसाठी हयातीचा दाखला काढायला यायच्या. मुलगा मोटरसायकलवर आणायचा आणि बाहेरच थांबायचा. मावशींनी मशीनवर अंगठा ठेवला की कार्ड गोठलंच!

"मी बोलून राह्यली, तरी याले दिसत नाही का वं?"

"नेट नाही, मावशी."

"घरी बी नाही दिसत मी कोनाले. तिथं तं नेट हाय!"

त्या दिवशीही मावशी रिकाम्या परतल्या, आणि शेवटची तारीख दुसऱ्याच दिवशी होती. दाखला नाही तर पेन्शन बंद.

*

त्या दुपारी हे जेवायला गेले, तेव्हा मी कॉम्प्युटरनं ठेवलेली बिघाडांची नोंद वाचत बसले. कार्ड वीज वाचवायला झोपत होतं आणि मग उठत नव्हतं. मी त्याचं झोपणंच बंद केलं. नेट टिकलं!

ह्यांनी कौतुकानं आत्याबाईंना सांगितलं. सासूबाईच त्या! म्हणाल्या, "दुपारी झोपाची सवय आपल्या घरात आनली कोनं मंग?"

*

शेवटच्या दिवशी मावशी आल्या. अंगठा ठेवला. सगळे स्क्रीनकडे वाकले. मामाजी तर फुंकायच्या तयारीत! पण दाखला सरळ निघाला.

मुलगा पहिल्यांदाच आत आला. प्रिंटरमधून कागद ओढला, आईचं नाव नीट वाचलं, घडी करून खिशात ठेवला. किक मारली.

मी धावत बाहेर गेले. "अहो दादा! मावशी राह्यल्या ना!"

गाडी स्टँड ओलांडून गेलीसुद्धा.

आत आले, तर मावशी बाकावर पदर सारखा करत होत्या.

"राहू दे माय," त्या म्हणाल्या. "मी जित्ती हाव, तो कागद गेला ना त्याच्यासंग."